व्हेटर्नरीच्या तयारीत जनावर कुठे आहे?

"गुरांच्या डॉक्टरला एवढं फिजिक्स कशाला लागतं, मॅडम?" दर जूनमध्ये कुणी ना कुणी पालक मला हे विचारतोच. तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, त्याला आता बावीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात व्हेटर्नरीचं नाव स्वतःहून घेणारं पोर वर्गात एखादंच असायचं. आता दरवर्षी पाचसहा तरी असतात आणि त्यांत मुली जास्त. घरी दोनचार दुभती जनावरं, शेळ्या, कुणाच्या घरी मेंढरं. पोरगी हुशार आहे, जनावरात रमते, तिला गुरांची डॉक्टर व्हायचंय. मग तिला पहाटे साडेपाचला उठवून लेन्सची सूत्रं कशाला पाठ करायला लावता, असा त्या बापाचा सवाल असतो.

त्याला मी प्रामाणिकपणे सांगते की फिजिक्स लागतं, आणि केमिस्ट्री त्याहून जास्त लागते. 'विषयांचं ओझं कमी करा' म्हणणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तीन जड विषय आपण या मुलांच्या डोक्यावर देतो, दोन वर्षं ते त्यांना पळत वाहायला लावतो आणि ज्या जनावरासाठी हे सगळं चाललंय, ते जनावर त्या दोन वर्षांत कुठेही त्यांच्यासमोर येऊ देत नाही. ओझं जड होतं ते त्यामुळे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बारावीतली माझी एक विद्यार्थिनी श्रावणातल्या एका सोमवारी कॉलेजात आली, डोळे सुजलेले. रविवारची टेस्ट बुडाली म्हणून ती रडवेली झाली होती. शनिवारी रात्री त्यांच्या म्हशीला पोटफुगी झाली होती. पावसात भिजलेली कोवळी मेथीघास कुणीतरी भरपूर टाकली होती. डावी भकाळी, म्हणजे कुशीचा खळगा, वर आली, म्हैस उठबस करायला लागली, पाय झाडायला लागली, जीभ बाहेर. डॉक्टर पोचेपर्यंत रात्रीचे बारा वाजले. त्यांनी तोंडातून पोटापर्यंत नळी घातली. घरच्यांना वाटलं, आता वारा सुटेल. पण वारा सुटलाच नाही, नळीतून नुसता फेस आला. मग त्यांनी नळीतूनच औषध सोडलं आणि जनावराला हळूहळू चालवायला सांगितलं. पहाटे कधीतरी म्हशीने ढेकर दिली आणि पोट उतरलं.

हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलेला प्रश्न मी विसरलेले नाही. "मॅडम, नळी आत गेली होती, पोटात गॅसही होता, मग तो बाहेर का नाही आला?"

त्याच महिन्यात तिच्या वर्गात फिजिक्सचे सर पृष्ठताण शिकवत होते. मी तिला हाताला धरून स्टाफरूममध्ये त्यांच्याकडे नेलं. पुढचा पाऊण तास आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. मेथीघासासारख्या कोवळ्या द्विदल चाऱ्यातली प्रथिनं रुमेनमधल्या, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातल्या, पाण्याला फेसाळ करतात. गॅस मोकळा राहत नाही, लाखो बारीक बुडबुड्यांत अडकून पडतो. बुडबुडा जितका लहान, तितका आतला दाब जास्त, हे तिच्या वहीत सूत्राच्या रूपात लिहिलेलंच होतं. गॅस मोकळा नसेल तर जनावराला ढेकर देता येत नाही आणि नळीवाटेही तो निघत नाही. तेलकट किंवा फेस मोडणारं औषध त्या बुडबुड्यांची भिंत मोडतं, लहान बुडबुडे मिळून मोठे होतात, गॅस वर येतो, मग ढेकर. आणि तेल नळीतूनच का द्यायचं? घाबऱ्याघुबऱ्या तोंडात बाटली ओतली तर ते श्वासनलिकेतून फुप्फुसात जायची भीती असते. ती पोरगी एकटक ऐकत होती. पृष्ठताणावरचा प्रश्न त्यानंतर तिचा कधी चुकला नाही.

असं कितीतरी दाखवता येईल. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं अन्न, भात, चपात्या, जिलेबी, पुण्य म्हणून गायीपुढे टाकतात आणि दुसऱ्या दिवशी गाय आडवी होते. पिष्टमय अन्न एकदम पोटात गेल्याने रुमेनमध्ये लॅक्टिक आम्ल साचतं, पीएच घसरतो, चारा पचवणारे जिवाणू मरतात. खाण्याचा सोडा का देतात, हे आम्ल-आम्लारी आणि बफरचं प्रकरण समजलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. नुकती व्यायलेली, भरपूर दूध देणारी गाय मान पोटाकडे वळवून बसते आणि उठतच नाही. हा दुग्धज्वर. रक्तातलं कॅल्शियम दुधात गेलेलं असतं. शिरेतून कॅल्शियम दिलं की थोड्या वेळात ती गाय उभी राहते. पण तेच कॅल्शियम घाईने सोडलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून डॉक्टर एका हाताने बाटली धरतो आणि दुसऱ्या हाताने छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत राहतो. आयनांचं प्रकरण, हृदयाच्या स्नायूचं प्रकरण आणि द्रवाच्या वेगाचं प्रकरण, तिन्ही त्या एका बाटलीत आहेत.

म्हणून 'गुरांच्या डॉक्टरला फिजिक्स कशाला' हा प्रश्न मला पटत नाही. त्यात एक हलकेपणाही आहे. माणसाच्या डॉक्टरविषयी तो कुणी विचारत नाही. गुरांचा डॉक्टर म्हणजे दोन इंजेक्शनं टोचणारा, त्याला काय एवढं कळायला हवं, असा समज त्यामागे असतो. २०२२ मध्ये लम्पी या त्वचारोगाची मोठी साथ आली, गावोगावी अंगावर गाठी आलेली जनावरं दिसायला लागली आणि बैलबाजार बंद झाले, तेव्हा पशुवैद्यक काय असतो हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. देशात २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ५३.५ कोटींहून अधिक पशुधन मोजलं गेलं. एवढ्या जनावरांची जबाबदारी ज्यांच्यावर पडणार, त्यांचं विज्ञान कच्चं असून कसं चालेल?

आता या विज्ञानाची तयारी आपण कशी करून घेतो ते बघा. आपल्याकडे बीव्हीएस्सीचे, म्हणजे पशुवैद्यक पदवीचे, प्रवेश नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठामार्फत नीट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतात. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर, कुठेही जायचं तर वाट एकच. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या १५ टक्के कोट्यालाही नीटच लागते. नीट म्हणजे १८० प्रश्न, ७२० गुण. फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५, बायोलॉजीचे ९०. वेळ १८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, आणि चुकलं की एक गुण वजा.

या परीक्षेच्या बायोलॉजीत गाय शोधा. माणसाचं हृदय आहे, माणसाचं मूत्रपिंड आहे, बेडूक आहे. पशुसंवर्धनाचा थोडा भाग बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या एका प्रकरणात होता. अभ्यासक्रम 'हलका' करताना ते प्रकरण गेलं. अकरावीचं पचनसंस्थेचं प्रकरणही गेलं. २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातूनही हे दोन्ही वगळले. पशुवैद्यक व्हायला निघालेल्या मुलाच्या प्रवेशपरीक्षेत पशुसंवर्धन नाही आणि पचनही नाही! ज्याला पुढे रोज रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार कप्प्यांच्या पोटाशी काम करायचंय, त्याने परीक्षेसाठी पोट न वाचलं तरी चालतं. ओझं कमी करायचं म्हणून नेमकं हेच उतरवलं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बरं, ओझं कमी तरी झालं का? राज्य मंडळाच्या मुलांना विचारा. बोर्डाची पुस्तकं वेगळी, नीटसाठी एनसीईआरटी वेगळं. बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात अन्नोत्पादनवाढीचं प्रकरण आहे, ते बोर्डासाठी वाचायचं आणि नीटसाठी विसरायचं. एकच विषय दोन पुस्तकांतून, दोन भाषांच्या वळणांनी, दोन तऱ्हेच्या प्रश्नांसाठी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला तर पहिले सहा महिने नुसते शब्द ओळखण्यात जातात. त्यात बोर्डाच्या प्रॅक्टिकलचे प्रत्येक विषयाला ३० गुण. मुलं सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री टेस्ट सिरीजची उत्तरं तपासणं यांत असतात. मग प्रॅक्टिकल कधी? खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकल होतच नाही. मुलांची नावं एका कॉलेजात, ती बसतात दुसरीकडे, आणि जर्नल फेब्रुवारीत एका आठवड्यात एकमेकांचं बघून उतरवलं जातं. एकदा बाहेरची परीक्षक म्हणून एका कॉलेजात गेले होते. एका हुशार मुलाला सूक्ष्मदर्शकावर स्लाइड लावायला सांगितली. त्याने ती उलटी लावली आणि भिंगाला टेकवून फोडली. त्याला नंतर नीटला उत्तम गुण पडल्याचं कळलं. त्यात त्या मुलाचा दोष शून्य. दोन वर्षांत त्याच्या हातात कुणी काही दिलंच नव्हतं.

अशी मुलं पुढे पहिल्या वर्षाला जातात तेव्हा शरीररचनाशास्त्राच्या हॉलमध्ये फॉर्मॅलिनच्या वासात उभी राहतात. डोळ्यांतून पाणी येतं, समोर अख्खं जनावर असतं, हाडं, स्नायू, शिरा, सगळी नावं नवीन, आणि घोडा, गाय, कुत्रा यांच्यातले फरक वेगळे. शेजारी शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, पशुधन व्यवस्थापन. साडेपाच वर्षांचा कोर्स, शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं. काहींना तिथे पहिल्यांदा कळतं की आपल्याला शेणामुताची किळस येते, किंवा गाय जवळ आली की पाय थरथरतात. भीती आणि किळस काम करता करता जाते, हे मला मान्य आहे. पण आयुष्याची दिशा ठरवल्यावर हे कळावं, ही व्यवस्था कुठली?

यातलं सर्वांत दुखरं म्हणजे ज्यांना व्हेटर्नरीच हवी असते त्यांची होणारी ओढाताण. नीटच्या रांगेत एमबीबीएस पुढे, मग बाकीचं, आणि व्हेटर्नरी बऱ्याच घरांत 'नाहीच लागलं तर' या खात्यात. त्यामुळे जिला मनापासून हेच करायचंय तिला, ज्यांना हे करायचंच नाहीये अशा मुलांशी गुणागुणासाठी झगडावं लागतं. प्रवेशाचे राउंड सुरू झाले की काही जण सीट घेतात आणि दुसरीकडे लागलं की सोडून जातात. माझी ती म्हशीवाली मुलगी पहिल्या वर्षी थोडक्यात हुकली. कमी पडले ते फिजिक्सचे गुण. घरच्यांनी कर्ज काढून तिला शहरात रिपीटला ठेवलं. ती वर्षभर गोठ्यापासून दूर, हॉस्टेलच्या एका खोलीत. फोनवर मला म्हणायची, "मॅडम, म्हशीच्या अंगाचा वास आठवतो." दुसऱ्या वर्षी तिला सीट मिळाली. जिच्या हाताला जनावर शांत उभं राहतं, तिच्या त्या हाताची कुठल्याही अर्जात नोंद नव्हती.

अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांतली मुलं तिकडे व्हेट स्कूलची तयारी करतात, त्यांचा अभ्यासही काही हलका नसतो. पदवीला जीवशास्त्र, रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिकी, जीवरसायन, संख्याशास्त्र, हे सगळं करावं लागतं, आणि एका सत्रात दोनतीन प्रयोगशाळा आल्या की तीही रडकुंडीला येतात. पण तिथल्या अर्जात एक गोष्ट विचारली जाते जी आपण कधी विचारत नाही. पशुवैद्यकाच्या हाताखाली किती तास काम केलं आणि प्राण्यांबरोबर एरवी किती तास घालवले, हे वेगवेगळं लिहावं लागतं. तिकडचं शिक्षण अवाढव्य खर्चाचं आहे, ते इथे आणा असं मी म्हणत नाही. मला फक्त तो प्रश्न हवा आहे: तू जनावराजवळ किती राहिलीस?

हा विचार आपल्याला परका नाही. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली परळला सुरू झालं ते बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या इस्पितळाच्या आवारात. आधी दवाखाना उभा राहिला, मग त्याला लागून वर्ग. ज्यांनी ते ठरवलं त्यांना अक्कल होती. शिकणाऱ्याच्या कानावर खिडकीतून जनावराचा आवाज पडला पाहिजे. आपण तो वर्ग उचलला आणि एसी हॉलमध्ये पडद्यासमोर नेऊन ठेवला.

मला काय हवं ते सांगते. नीट रद्द करा अशी माझी मागणी नाही. एका परीक्षेने निदान तालुक्यातल्या आणि शहरातल्या मुलांना एकाच पेपरला बसवलं, वशिला कमी केला. पण व्हेटर्नरीची यादी लावताना तोच एकूण आकडा जसाच्या तसा घ्यायचं कारण नाही. बायोलॉजी आणि केमिस्ट्रीला जादा वजन द्या. पशुसंवर्धन आणि पचनसंस्था अभ्यासक्रमात परत आणा. आणि प्रवेशाआधी, दहावी ते बारावीच्या सुट्ट्यांत मिळून, किमान काही आठवडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात हजेरी लावण्याची अट ठेवा. बायफोकलला, म्हणजे व्यवसायाभिमुख विषय म्हणून, डेअरीसारखे विषय घेणाऱ्या मुलांचं काम त्यात मोजा. या हजेरीला गुण देऊ नका. गुण दिले की उद्या त्याचेही क्लास निघतील. फक्त अट ठेवा.

लगेच कुणी म्हणेल, सर्टिफिकेटं विकत मिळतील. मिळतील, काही ठिकाणी. म्हणून नुसतं सर्टिफिकेट नको, वही हवी. कुठलं जनावर आलं, लक्षणं काय होती, डॉक्टरांनी काय केलं, तुला काय कळलं नाही, हे मुलाने स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहायचं. प्रवेशाच्या वेळी त्यातल्या कुठल्याही पानावर दोन प्रश्न विचारा. ज्याने म्हैस पाहिली आहे आणि ज्याने नाही, त्यांच्या उत्तरांतला फरक ओळखायला पाच मिनिटं पुरतात.

शहरातल्या मुलांवर हा अन्याय होईल, हा आक्षेप मी जास्त गंभीरपणे घेते. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला गोठा नाही हा तिचा दोष नव्हे, आणि उद्या कुत्र्यामांजरांची उत्तम डॉक्टर तीच होईल. तिच्यासाठी शहरातले दवाखाने, पांजरपोळ, गोशाळा आहेत. उलट आज तिलाच या अनुभवाची सर्वांत जास्त गरज आहे. आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांवर कामाचा आधीच ताण असतो, हेही मी जाणते. रिकाम्या जागा भरल्याशिवाय त्यांच्या गळ्यात शाळकरी मुलं मारणं बरोबर नाही. पण लसीकरणाच्या दिवशी नोंदी लिहायला दोन हात मिळाले तर ते नको म्हणणार नाहीत, असा माझा अनुभव आहे.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. सोळा-सतरा वर्षांची मुलं दवाखान्यात फक्त बघतील, नोंदी करतील, जनावर धरायला फार तर लांबून मदत करतील. व्यायलेल्या जनावराची अडकलेली वार काढताना जवळ जाणार नाहीत. उघड्या हाताने वार काढून ब्रुसेलोसिस झालेले, महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी काढलेले लोक गावोगाव आहेत. रेबीजची प्रतिबंधक लस आधी, हातमोजे, गमबूट, घरच्यांची लेखी परवानगी. जनावर खोड्यात अडकवलेलं असल्याशिवाय मुलांनी त्याच्या मागच्या बाजूला उभं राहायचं नाही.

हे धोरण होईल तेव्हा होईल. आज अकरावीत बसलेल्या मुलांचं काय? त्यांना मी अभ्यास जोडून करायला सांगते. एका आठवड्यात फिजिक्सचं एक, केमिस्ट्रीचं दुसरं, बायोलॉजीचं तिसरंच, असं तीन दिशांना पळू नका. हृदय वाचताय ना, मग त्याच आठवड्यात द्रवांचा प्रवाह आणि दाब घ्या, वीजभाराचं प्रकरण घ्या. श्वसन वाचताय तर वायूंचे नियम आणि रासायनिक समतोल. रक्तात ऑक्सिजन कसा चढतो-उतरतो हे समतोलाचंच उदाहरण आहे. क्लासचं वेळापत्रक आडवं येतं, मान्य. पण रविवारचा अर्धा दिवस तरी तुमच्या हातात असतो. आणि पहाटे तीनला उठून दिवसभर पेंगत बसणाऱ्या मुलांना माझं आईच्या मायेने सांगणं आहे की झोप घ्या. गेल्या बावीस वर्षांत झोप मारून ज्यांचे गुण वाढले अशी मुलं मला बोटावर मोजण्याइतकीसुद्धा आठवत नाहीत. आजारी पडलेली मात्र बरीच आठवतात. घरी जनावर असेल तर सकाळची एक धार किंवा वैरणीची एक पेंढी अभ्यासाच्या नावाखाली सोडू नका. त्या वीस मिनिटांत डोकंही मोकळं होतं.

माझी ती विद्यार्थिनी आता इंटर्नशिप करते आहे. गेल्या दिवाळीत भेटायला आली तेव्हा मी तिला अकरावीच्या मुलांसमोर उभं केलं. एका मुलाने विचारलं, "ताई, फिजिक्स खरंच लागतं का?" तिने खडू घेतला, फळ्यावर रुमेन काढलं, डाव्या बाजूला भकाळीची रेघ ओढली आणि आत बारीक बारीक बुडबुडे काढायला लागली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटून आले. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, एका वेळी चार मुलं, सकाळी आठ ते अकरा, एवढ्याला ते तयार झालेत. परवानगीचे फॉर्म मी छापून घेतलेत. पहिल्याच खेपेला लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाच्या नोंदी आहेत.